अकरा जणी, ओळख नाही

शब्दाबद्दल विचारलं तेव्हा सुमेधा भरभरून बोलली, आणि बायकांबद्दल विचारलं तेव्हा ‘रिसर्च करून सांगते’ म्हणाली. दोन्ही प्रश्न जोननं एकाच बोलण्यात विचारले होते, कॉफीचा मग हातात धरून, सहज. अमेरिकेत, वुस्टरमधल्या एका जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत, तळघरातल्या कामाच्या खोलीत, जिथे बाहेरचा मार्चमधला काळपट बर्फ फक्त छताजवळच्या खिडकीच्या चिंचोळ्या पट्टीतून दिसतो, तिथे त्या दोघी लांब टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. टेबलावर खोका होता. साठ वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन आलेल्या इथल्याच एका नर्सचे कागद तिच्या भाचीनं लायब्ररीला दिले होते, आणि त्यांत थोडं मराठी असल्यामुळे खोका सुमेधाकडे आला होता. पत्रं, औषधांच्या पावत्या, एक सुईणींसाठीचं हस्तलिखित पुस्तक, आणि पातळ कागदात गुंडाळलेला एक फोटो. दोन ओळींत अकरा बायका. पुढच्या बसलेल्या, मागच्या उभ्या. सगळ्यांच्या हातात एकेक कागद, बहुतेक प्रमाणपत्र, आणि सगळ्यांनी तो छातीशी असा धरलेला की वारा आला तर उडू नये. फोटोच्या मागे टाइप केलेली इंग्रजी ओळ होती: अस्पृश्य स्त्रिया, अकरा. ओळख नाही. इंदोरा, नागपूर, १९६४.

जोन विभागप्रमुख. साठीची, केस आखूड कापलेली, कुणाचंही बोलणं मध्ये न तोडणारी. ती म्हणाली, “या खोक्याचा कॅटलॉग ऑनलाइन जाईल तेव्हा त्याला मराठी शीर्षकही देऊ या. तुमच्यात कॅटलॉगला काय म्हणतात?” आणि सुमेधा खुलली. दोन शब्द आहेत, ती म्हणाली. एक सूची. संस्कृत. मूळ अर्थ सुई. सुई जशी टोकानं नेमकी जागा दाखवते तशी दाखवणारी ती सूची. दुसरा यादी. तो फारसीतून आला, याद म्हणजे आठवण; विसरू नये म्हणून लिहून ठेवतात ती यादी. जोनचे डोळे चमकले. ती म्हणाली, कॅटलॉग हा शब्द ग्रीक आहे, त्यातल्या पहिल्या तुकड्याचा अर्थ वरून खाली, शेवटपर्यंत. आणि दुसऱ्यातल्या क्रियापदाचा अर्थ वेचणं, मोजणं, आणि सांगणंही. त्यांना मोजणं आणि सांगणं वेगळं वाटतच नसावं. “आमच्यातही!” सुमेधा जवळजवळ ओरडलीच. ख्या म्हणजे सांगणं. त्यातून संख्या आली आणि त्यातूनच आख्यान, म्हणजे गोष्ट. दोघी मिनिटभर एकमेकींकडे बघून हसत राहिल्या, एखादा नातेवाईक कॉमन निघाल्यासारख्या. मग जोननं फोटो अलगद उलटा केला, त्या टाइप केलेल्या ओळीच्या खाली बोट धरलं, शब्दाला स्पर्श न करता, आणि म्हणाली, “हा शब्द आपण शीर्षकात ठेवू शकत नाही. या बायका स्वतःला काय म्हणवतात? तुला माहीत असेल ना?” आणि सुमेधाच्या तोंडून, तिनं ठरवायच्या आत, शब्द निघून गेले होते: “मी रिसर्च करून सांगते.”

रिसर्च. संध्याकाळी रूट नाइनवरून गाडी चालवताना, तळ्यावरच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं असताना, तो शब्द तिला दाताखाली खडा आल्यासारखा लागत राहिला. इंदोरा. ज्या गल्लीत तिचा जन्म झाला ती गल्ली. ज्या बायकांच्या लेकीसुनांनी तिला कडेवर घेतलं होतं त्या बायका असतील कदाचित. त्यांच्यावर ती रिसर्च करणार होती. कुठे, कुठल्या डेटाबेसमध्ये? आठ वर्षं ती या लायब्ररीत होती. आठ वर्षांत जोनला माहीत होतं की सुमेधा भारतातली आहे, मराठी बोलते, बुद्धिस्ट आहे. बुद्धिस्ट म्हटलं की इथल्या लोकांच्या चेहऱ्यावर एक मऊ हसू येतं, ध्यान, शांती, असं काहीतरी. आणि सुमेधानं त्या हसूला कधी धक्का लावला नव्हता. त्यात खोटं काही नव्हतं. पण एखाद्यानं पत्ता विचारावा आणि आपण फक्त देशाचं नाव सांगावं, तसं ते खरं होतं. ती राहायची त्या श्रूजबरीतल्या मराठी घरांत तर तेवढंही सांगायची वेळ ती येऊ देत नसे. शेजारच्या हिमानीनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “रामटेके म्हणजे रामटेकचे का गं तुम्ही?” पुण्याची हिमानी, निर्मळ मनाची, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून विचारणारी. “हो, त्याच बाजूचे,” सुमेधा म्हणाली होती. घरी आल्यावर शैलेंद्र हसला होता, “चला, नवरा तीर्थक्षेत्राचा निघाला तुझा.” ती पण हसली होती. हसून झाल्यावर दोघंही बराच वेळ भांडी आवरत राहिले होते, गरजेपेक्षा जास्त काळजीपूर्वक.

सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तिला एकदम शाळेचा वर्ग आठवला, असा स्पष्ट की जणू पुलाच्या पलीकडे तोच असावा. आठवी ब. ऑफिसातले क्लार्क दारात आले, हातात लांब कागद. “स्कॉलरशिपची यादी आहे. नावं घेतो त्यांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं.” ते वाईट नव्हते, त्यांचा आवाजही चढा नव्हता, त्यांना तेवढं एक काम उरकायचं होतं. गजभिये सुमेधा ज्ञानदेव. ती उभी राहिली. वर्गात सात जणं उभी राहिली, आणि बाकीच्या साठ जणांना एका क्षणात ते कळलं जे आतापर्यंत फक्त काहींनाच माहीत होतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं काहीच केलं नाही. तिनं फक्त बाकावरचा आपला डबा थोडासा बाजूला घेतला. एक इंच. कदाचित तो आधीच कडेला होता आणि पडेल म्हणून घेतला असेल. तीस वर्षं सुमेधा त्या एका इंचाबद्दल दोन्ही बाजूंनी वाद घालत आली होती आणि निकाल लागला नव्हता. त्या दिवसानंतर ‘यादी’ शब्द कुणी उच्चारला, किराण्याची, लग्नाची, कसलीही यादी, की तिचे गुडघे उभं राहण्याच्या तयारीत ताठ होत. मग ती यादी करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसली. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. पण कॅटलॉगरला कुणी उभं करत नाही. ती दुसऱ्यांची नावं लिहिते, त्यांच्या जन्माची वर्षं लिहिते, त्यांना जागा देते, आणि तिचं स्वतःचं नाव कुठेच येत नाही. यासारखी सुरक्षित नोकरी दुसरी कुठली असेल, असं तिला वाटत आलं होतं. आणि आज खोक्यातून अकरा बायका बाहेर आल्या होत्या आणि कागद छातीशी धरून उभ्या होत्या.

घरी आई होती. रत्नाबाई, पंचाहत्तर वर्षांची, फेब्रुवारीत नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सगळं घर फिरून पाहिलं होतं. दिवाणखान्यातल्या शेल्फवरची बुद्धाची पांढरी मूर्ती पाहून हात जोडले होते, मग वर जाऊन बेडरूममध्ये बाबासाहेबांचा फोटो पाहिला होता. खाली येऊन तिनं एवढंच विचारलं, “बाबासाहेब वर काहून?” सुमेधा म्हणाली, “वर छान उजेड असतो, आई.” रत्नाबाईनं मान हलवली होती. तिनं आयुष्यभर लोकांचे ब्लाऊज शिवले होते; आत दुमडलेलं कापड किती आहे हे तिला बाहेरून हात लावून कळायचं.

जोनची परवानगी घेऊन सुमेधानं फोटोचा स्कॅन घरी आणला होता, तरी तीन दिवस तो आईला दाखवला नाही. कशाची भीती वाटत होती? आईनं कुणालाच ओळखलं नाही तर, ही एक. आणि ओळखलं तर, ही दुसरी, जास्त मोठी. कारण ओळखल्यावर रिसर्च संपतो. रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, शैलेंद्र मुलीला, इलाला, तबल्याच्या क्लासहून आणायला गेलेला असताना, तिनं टॅब्लेट आईच्या पुढ्यात डायनिंग टेबलावर उभा केला. रत्नाबाईनं चष्मा पुसला. फ्रिजचा आवाज सुरू झाला, बंद झाला. मग ती म्हणाली, “ही तं आपली गल्ली होय.”

“तू आहेस का यात?” सुमेधाला स्वतःचाच आवाज घाईचा वाटला. पुढच्या ओळीतल्या कडेच्या मुलीच्या कपाळाचा आकार तिला आईसारखा वाटला होता. तिनं तळघरात भिंग लावून पाहिलं होतं.

“मी कायले असन? मी शाळेत गेली होती त्या दिवशी. या सगळ्या मोठ्या बाया. मडमेचा वर्ग होता नं आठ हप्त्यांचा, बाळंतपणाचा. विहाराच्या पडवीत बसायच्या.” रत्नाबाईनं बोटानं स्क्रीनला स्पर्श केला, फोटो एकदम मोठा झाला, तिनं दचकून हात मागे घेतला आणि हसली. “मोठ्या झाल्या पाहा.”

सुमेधानं वही ओढली. “थांब, मी लिहून घेते. वरच्या ओळीत, डावीकडून पहिली कोण?”

“तसं नोको विचारू. तसं मले नाही सांगता येत. मी घरांच्या लायनीनं सांगते. नळापासून.” आणि रत्नाबाईनं डोळे मिटले. फोटोकडे पाहून नव्हे, डोळे मिटून तिनं सुरुवात केली. नळाजवळ सगुणाबाई, तिचा नवरा मिलमध्ये. तिच्याला लागून भागरथा, तिच्या घरी कडुलिंब होता, आमच्या अंगणात पानं यायची म्हणून माझ्या मायचं तिच्याशी भांडण. मग मैना. मैनाचं दार बुटकं. मग दोघी जावा, पार्वता आणि गया, एकीला मूल नव्हतं आणि दुसरीला सात, पण वर्गात पहिला नंबर मूल नसलेलीचा आला. प्रत्येक नाव घेताना ती डोळे उघडायची, फोटोत ती बाई शोधायची, बोट ठेवायची, पुन्हा मिटायची आणि पुढच्या घरी जायची. सुमेधा लिहीत होती. तिला कळत होतं की आई मोजत नाहीये, चालतेय. साठ वर्षांपूर्वीच्या गल्लीतून, एकेका दारापाशी थांबत, शेवटपर्यंत. ग्रीकांनी एका शब्दात जे बसवलं होतं ते समोर, डायनिंग टेबलाशी, स्वेटर घालून बसलं होतं. दहाव्या बाईपाशी, मागच्या ओळीतल्या उंच, सावळ्या बाईपाशी, रत्नाबाई थोडी अडली, मग म्हणाली, “यशोदा. हो, यशोदाच.” अकरावी मात्र सापडली नाही. “हिले मी नाही ओळखत. पाहुणी असन कोणाची. लिहू नोको काही. जागा ठेव.”

गॅरेजचं दार वाजलं. इला आत आली, तेरा वर्षांची, तबल्याची गादी काखेत, आणि नेहमीप्रमाणे आधी फ्रिजकडे जाता जाता टेबलापाशी थांबली. स्कॅनमध्ये फोटोची मागची बाजूही होती. रत्नाबाईच्या बोटानं मघाशी ते पान सरकलं असावं. इलानं ती इंग्रजी ओळ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, “मॉम, व्हाय डज इट से अनटचेबल?”

शैलेंद्र दारातच थांबला, किल्ल्या हातात. सुमेधाला दिसलं की तो काहीतरी हलकंफुलकं बोलून विषय पुढे ढकलायच्या तयारीत आहे, जसं ते दोघं एकमेकांसाठी नेहमी करत. तिनं त्याच्याकडे पाहून नाही अशी मान हलवली. तिला वाटलं होतं की हा क्षण कधीतरी येईल तेव्हा ती तयारी केलेली असेल, पुस्तकं काढून ठेवलेली असतील, शब्द निवडलेले असतील. तिच्याकडे काहीच नव्हतं. ती म्हणाली, “कारण लोक त्यांना शिवत नसत. त्यांच्या हातचं पाणी पीत नसत. जन्मावरून. म्हणून तो शब्द.”

“दीज लेडीज?”

“या बायका. आजी. आजीची आई. आणि मी पण, थोडीशी. शाळेत.”

इला आजीकडे पाहत राहिली, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर दया येईल अशी सुमेधाला भीती होती. दया आली असती तर ते तिला सहन झालं नसतं. आला तो राग. “सो दॅट्स व्हाय द पिक्चर इज अपस्टेअर्स? तुम्ही हाइड केलं? माझ्यापासून पण?” तिचा आवाज फाटला. “व्हाय वुड यू हाइड इट? तुम्ही काय राँग केलं होतं?”

“काय म्हणते पोरगी?” रत्नाबाईनं विचारलं.

“ती विचारते, आपण लपवलं कशाला.”

“बराबर विचारते,” रत्नाबाई म्हणाली, आणि इलाला जवळ ओढून शेजारच्या खुर्चीत बसवलं. “ये इकडे. ही पाय, हिचं नाव मैना. हिचं दार इतकं बुटकं होतं की मोठे मोठे साहेब पण वाकून आत जायचे.” इलाला सगळं कळलं नसावं, पण ती नाक पुसत वाकून बघू लागली. शैलेंद्रनं किल्ल्या खुंटीला अडकवल्या, जिन्यावरून वर गेला, आणि थोड्या वेळानं बाबासाहेबांच्या फोटोची फ्रेम हातात घेऊन खाली आला. कुठे लावावी हे न कळून तो ती धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं ती शेल्फवर, बुद्धाच्या शेजारी टेकवली. सुमेधा सिंककडे वळली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. फार वेळ एका कुशीवर झोपून उठल्यावर हाताला मुंग्या येतात, तसं काहीतरी होतं ते.

सोमवारी ती जोनच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार लावताना तिला वाटलं, उघडंच ठेवावं; म्हणून परत उघडलं. जोन वर पाहत होती. “त्या प्रश्नाचं उत्तर,” सुमेधा म्हणाली, “मला तू विचारलंस तेव्हाच माहीत होतं. त्या बायका माझ्या लोकांपैकी आहेत. माझ्या गल्लीतल्या. त्या स्वतःला बौद्ध म्हणवतात. छपन्न साली त्यांनी तो शब्द मागे टाकला होता, आणि या फोटोत त्याला आठ वर्षं होऊन गेली आहेत. ज्यानं टाइप केलं त्यानं त्यांना विचारलं नाही.” ती एका श्वासात बोलली होती. गुडघे ताठ होते. पण आपण आपणहून उभ्या आहोत, कुणी नाव पुकारलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते गुडघे हळूहळू सैल झाले.

जोननं कॉफीचा मग बाजूला ठेवला. “मी तो प्रश्न तुला कॉफी पिता पिता विचारला,” ती म्हणाली. “तसा विचारायला नको होता.” आणि मग, थोड्या वेळानं: “मग याचं वर्णन तू लिही. मी फक्त वाचेन.”

लिहायला दोन आठवडे लागले. चार ओळींचं काम. जुनी ओळ खोडायची नाही, हे तिनंच ठरवलं. ती अवतरण चिन्हात राहील, कुणी टाइप केली ते माहीत नाही असं स्पष्ट लिहून, कारण खोडलं तर झालंच नव्हतं असं वाटेल. वर नवीन शीर्षक: प्रसूतिसेवेचा वर्ग पूर्ण केलेल्या बौद्ध स्त्रिया. खाली नावं, आईनं सांगितलेल्या क्रमानं, नळापासून, आणि प्रत्येकीची फोटोतली जागा कंसात. आणि अकराव्या जागी कोरी ओळ. मराठी शीर्षकासाठी शब्द उरला होता. ती सूचीकडे झुकत होती. सूचीत स्वच्छता होती, अंतर होतं. सूची वाचायला कुणी वर्गाच्या दारात येत नाही. तिनं आईला दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. सुईचा अर्थ ऐकून रत्नाबाई खूश झाली. “म्हणजे मी जिंदगीभर सूचीच चालवली म्हण की.” पण मग ती म्हणाली, “सुई तं टोचते आणि पुढे जाते. त्यायची आठवण ठेवाची आहे नं आपल्याले? मग यादीच लिही.”

“मला तो शब्द आवडत नाही, आई.” आणि तिनं आईला आठवी ब सांगितलं. क्लार्क, लांब कागद, सात जणं, एक इंच. तीस वर्षांत पहिल्यांदा. रत्नाबाई हातातल्या मेथीच्या काड्या निवडायची थांबली. ती म्हणाली, “त्या स्कॉलरशिपच्या यादीत तुझं नाव यावं म्हणून तुझा बाप तीनदा ऑफिसात गेला होता. मिलची पाळी सोडून. नाव कागदावर आलं तेव्हा पेढे आणले होते त्यानं. तुले आठवत नाही?” सुमेधाला पेढे आठवत होते. ते कशाचे होते हे तिला माहीत नव्हतं. एकच कागद, वर्गाच्या दारात जो उभा होता तोच घराच्या दारात पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, आणि तिनं फक्त पहिलंच दार लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं शीर्षकात यादी लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: नावं सांगितली रत्नाबाई ज्ञानदेव गजभिये यांनी, लिहून घेतली त्यांच्या मुलीनं, सुमेधा रामटेके हिनं. कॅटलॉगर स्वतःचं नाव घालत नाहीत. जोननं वाचलं, एक स्वल्पविराम बदलला, आणि ती ओळ तशीच ठेवली.

एप्रिलमध्ये यादी फोटोसकट ऑनलाइन गेली. काहीच झालं नाही. जगाला त्या खोक्याची घाई नव्हती. हिमानीनं मात्र शेल्फवरचा फोटो पाहिला, एक क्षण चहाचा कप तिच्या हातात थांबला, मग तिनं विचारलं, “हे खाली आणलंत?” “हो,” सुमेधा म्हणाली, “आमचे आहेत.” हिमानी म्हणाली, “मला कधी बोलली नाहीस.” आणि तिच्या स्वरात जे दुखावलेपण होतं ते खरं होतं, एवढं सुमेधाला कळलं; त्यापुढचं दोघींना अजून शिकायचं होतं. त्या दिवशी चहा जरा लवकर संपला. पुढच्या आठवड्यात हिमानी पुन्हा आली.

जूनमध्ये, एका दुपारी, लायब्ररीच्या पत्त्यावर ईमेल आला. ईडन प्रेरी, मिनेसोटाहून. विवेक नावाचा कुणी इंजिनिअर. इंग्रजीत, फार अदबीनं लिहिलेला. तुमच्या यादीत एक चूक आहे, क्षमा करा. मागच्या ओळीतली उंच बाई यशोदा नाही, ती सेवंता आहे. माझ्या वडिलांची आई. मला नक्की माहीत आहे, कारण वडिलांची मावशी जाईपर्यंत म्हणत होती की माझी मोठी मुलगी हुबेहूब तिच्यावर गेली आहे, आणि फोटोतला चेहरा माझ्या मुलीचाच आहे, आणि मी हा फोटो वडिलांना पाठवला तेव्हा ते फोनवर रडले. आमच्या घरी तिचा एकही फोटो नाही. वडील चार वर्षांचे असताना ती गेली, त्यांना तिचा चेहरा आठवत नव्हता. आम्ही इंदोऱ्याची नावं शोधत होतो आणि तुमची यादी सापडली. शेवटी एकच वाक्य मराठीत होतं, रोमन लिपीत, चाचरत लिहिलेलं: ज्या काकूंनी नावं सांगितली त्या आहेत का?

सुमेधानं ते आईला सांगितलं तेव्हा रत्नाबाईचा चेहरा उतरला. “मी चुकली?” तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. “बाई, सेवंता! यशोदा तं मागच्या गल्लीतली. मी कशी चुकली?” ती उठली, बसली, पदरानं चष्मा पुसला. सुमेधाला वाटलं, आई आता बोलणार नाही, लाजेल. फोन लावावा की नको? पण रत्नाबाईच म्हणाली, “लाव त्याले. आताच लाव. त्याचा बाप आपल्या मायले मुकला, आणि मी तिचं नाव बदलून ठेवलं.”

व्हिडिओवर विवेक आला. चाळिशीचा, ऑफिसमधून बाहेर येऊन गाडीत बसलेला, शर्टच्या खिशाला आयडी कार्ड लटकलेलं. “नमस्कार काकू,” तो म्हणाला. त्याचं मराठी इथेच वाढलेल्यांचं होतं, शब्द जपून ठेवलेले पण फारसे न वापरलेले. “काकू, आय मीन, मला फक्त... ती कशी होती? बाबांना काहीच आठवत नाही. काहीही सांगा. एनीथिंग.”

सुमेधा फोन धरून उभी होती. आईनं तो तिच्या हातातून घेतला, अगदी चेहऱ्याजवळ धरला, इतका की पलीकडे बहुतेक तिचं नुसतं कपाळ दिसत असावं. इला जिन्यावर येऊन बसली. सुमेधाही तिच्या खालच्या पायरीवर बसली. खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, आणि त्या आवाजावरून आपला आवाज पोचावा म्हणून रत्नाबाई मोठ्यानं बोलू लागली.

“ऐक बाबू. आधी मी तुझी माफी मागते. आता ऐक. तुझी आजी सायकल चालवायची. त्या काळात, लुगडं नेसून. पूर्ण इंदोऱ्यात एकटीच. कोणाच्या घरी बाई अडली, की पोरं पळत यायची, आणि ही सायकल काढायची, सामानाची आणि प्रमाणपत्राची पिशवी हँडलले, आणि घंटी वाजवत निघायची. गल्लीतले सगळे बाजूले व्हायचे. आम्ही पोरी तिच्या मागे धावायचो, बाबू. कोपऱ्यापर्यंत. पुढे आम्हाले ती सापडायचीच नाही, इतकी जोरात जायची.”